आधी मातीचा हिशोब, मग सवलत

बंद कारखान्याच्या लिलावाची जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते. तिच्यात गट नंबर असतात, चतुःसीमा असतात, राखीव किंमत आणि बयाणा रक्कम असते. खाली एक ठरलेले वाक्य असते: मालमत्ता ‘जेथे आहे, जशी आहे, जी आहे’ या तत्त्वावर विकली जाईल. शेड किती चौरस मीटरची, बॉयलर किती टनाचा, हे सापडते. त्या शेडखालच्या मातीत काय मुरले आहे, ते सहसा सापडत नाही. विकणारा सांगत नाही, घेणारा विचारत नाही. पुढे त्याच जमिनीच्या ‘पुनर्विकासा’साठी शासनाकडे सवलत मागितली जाते.

सवलत द्यावी, याच मताचे आम्ही आहोत. पण ती कशासाठी, कोणाला आणि कोणत्या क्रमाने द्यायची यावर सगळे अवलंबून आहे. सरकारी तिजोरीतला पैसा मातीच्या तपासणीला आणि सफाईला जावा. जमिनीच्या भावाला आणि वरच्या मजल्यांना तो जाऊ नये.

खान्देशाला हा प्रश्न लांबचा नाही. अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप, चाळीसगावची लक्ष्मीनारायण, जळगावची खान्देश मिल या गिरण्यांच्या भोंग्यावर एकेकाळी गावे उठत. ते दिवस सरले. जळगावात स्टेशनजवळच्या गिरणीच्या जागेवर व्यापारी संकुल उभे राहूनही वर्षे झाली. साखरेचीही तीच गत. साक्री तालुक्यात भाडण्याचा पांझरा-कान, शिरपूर तालुक्यात दहिवदचा शेतकरी, कासोद्याचा वसंत, भोरसचा बेलगंगा यांपैकी कोणी बंद राहिला, कोणी लिलावात गेला, कोणी नव्या मालकाकडे गेला. शिवाय गावोगावचे जिन-प्रेस, सरकीच्या तेलगिरण्या, सॉल्व्हंट प्लांट, रंगाचे छोटे कारखाने आहेतच. ही नावे प्रश्नाचा पसारा कळावा म्हणून घेतली आहेत. यांतली कोणती जमीन दूषित आहे आणि कोणती नाही, हे फक्त तपासणीच सांगू शकते, आणि तपासणी करा हेच आमचे पहिले मागणे आहे.

मागणी तर वाढणारच आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, तो धुळे-नरडाणा-शिरपूर पट्ट्यातून जाईल. नरडाण्याकडे औद्योगिक क्षेत्रासाठी नवी जमीन घेतली जात असताना शहराच्या पोटातली, रस्ता-पाणी-वीज असलेली जुनी जमीन पडून आहे. शेतजमीन वाचवायची असेल तर ही पडीक जमीन आधी वापरात यायला हवी, यात दुमत नसावे.

मग ती येत का नाही? कारण तपासणी कोणालाच परवडत नाही. विकणाऱ्याने माती तपासली आणि काही निघाले तर भाव पडतो. बँकेने तपासली तर तारणाचे मूल्यांकन खाली येते. घेणाऱ्याने तपासली तर जे माहीत नव्हते ते माहीत झाले, आणि माहीत झाले म्हणजे जबाबदारी अंगावर आली. न कळण्यातच प्रत्येकाचा फायदा आहे. बाजार जिथे असा अडतो, तिथे सार्वजनिक पैसा घालणे रास्त ठरते. म्हणून तपासणीचा खर्च शंभर टक्के शासनाने करावा आणि निष्कर्ष सगळ्यांना खुला ठेवावा. सफाईच्या मानाने हा खर्च किरकोळ असतो.

तपासायचे काय, हे कारखान्याच्या जातीवर ठरते. कापडगिरणीत सूतखाते आणि साचाखाते तुलनेने स्वच्छ असते. नजर ठेवायची ती ब्लीचिंग, रंगखाते, बॉयलर हाऊस, वर्कशॉप आणि कोळशाच्या यार्डावर. जुन्या रंगकामात रंग पक्का करायला बायक्रोमेट वापरत. त्यातला हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, म्हणजे या धातूचे विषारी रूप, पाण्यात विरघळतो आणि पाण्याबरोबर चालू लागतो, म्हणून तो जिथे सांडला तिथेच सापडेल असे नाही. फर्नेस ऑइलची टाकी बहुधा जमिनीत पुरलेली असते. टाकी शाबूत दिसली तरी पंपाकडे जाणाऱ्या पाइपाचे सांधे वर्षानुवर्षे ठिबकलेले असतात. वाफेच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉसचे लॅगिंग (उष्णता रोखणारे वेष्टन), छतावर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकते. केंद्राच्या २०१६ च्या आदेशाने या रसायनाच्या वापराला ३१ डिसेंबर २०२५ ही शेवटची तारीख घातली होती.

यातले बरेच नुकसान कारखाना चालू असताना होत नाही, तो बंद पडल्यावर होते. भंगारवाल्याला ट्रान्सफॉर्मरमधले तांबे हवे असते, तेल नको असते. ड्रेनचा कॉक उघडला की काही शे लिटर तेल तिथेच जमिनीत जाते. पाइप गॅसकटरने कापताना लॅगिंग काठीने झोडून पाडतात आणि त्याचा पांढरा भुगा खोलीभर बसतो. म्हणून कुलूप लागल्यावर पहिल्या महिन्यात करायचे काम एकच: टाक्या, ट्रान्सफॉर्मर, रसायनांची पिंपे यांची यादी करून ती सील करणे. याला लाखो रुपये लागत नाहीत. पुढचे कोट्यवधी मात्र वाचतात.

साखर कारखान्यात घराऐवजी अंगण तपासायचे असते, म्हणजे डिस्टिलरीचे तलाव. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश (उरलेले सांडपाणी) निघतो. घरगुती सांडपाण्याचा बीओडी, म्हणजे घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाल्ला जातो त्याचे माप, लिटरला दोन-तीनशे मिलिग्रॅम असतो, स्पेंट वॉशचा चाळीस हजारांच्या पुढे. तळाला अस्तर नसलेल्या तलावात हे साठले की कारखाना बंद झाल्यावर वर डांबरासारखी काळी साय धरते आणि खालून विहिरींना काळ्या चहाच्या रंगाचे पाणी लागते. यात जड धातू कमी, सेंद्रिय भार आणि पोटॅशचे क्षार जास्त. त्यामुळे घातक रसायनांच्या यादीवर बोट ठेवून केलेल्या तपासणीत हे निसटू शकते, याची जाण ठेवावी. जिन-प्रेसच्या जागेत बहुधा फारसे निघत नाही, तिथे एक दिवसाची पाहणी आणि चार नमुने पुरतात.

दुसरी गोष्ट आपल्या जमिनीची. काळी माती चिकण आहे, तिच्यातून काही झिरपत नाही, असा समज पुस्तकी आहे. वैशाखात तिला हातभर खोल भेगा पडतात, आणि त्या काळात सांडलेले तेल सरळ खाली उतरते. धुळे-साक्रीकडे खाली बेसॉल्ट आहे, तिथे पाणी फटींमधून पळते. जवळच्या विहिरीत काही नाही आणि लांबच्या बोअरमध्ये वास, असे होऊ शकते. जळगाव जिल्ह्यात तापीकाठी गाळाचा जाड थर आहे, तिथे दूषित पाणी सावकाश पण रुंद पसरते. यावल-रावेरला सातपुड्याच्या पायथ्याचा पट्टा तर पुनर्भरणाचा आहे, केळीच्या बागांना लागणारे पाणी तिथूनच जमिनीत शिरते. एकाच छापाचा तपासणी नमुना तिन्ही जिल्ह्यांना लावला तर तो तिन्हीकडे चुकेल.

तपासणीची रीत किचकट नाही, पण ती शिस्तीने पाळावी लागते. आधी कागद: जुने नकाशे, बॉयलरची नोंद, प्रदूषण मंडळाची संमतिपत्रे, विजेच्या जोडणीचे रेखाचित्र. मग जागेवर चौकटी आखून पृष्ठभागाचे १५ सेंटिमीटरपर्यंतचे नमुने, आणि संशयाच्या जागी अर्धा, एक, दोन मीटर असे खोलीचे नमुने. भूजलासाठी निदान चार निरीक्षण विहिरी, एक प्रवाहाच्या वरच्या अंगाला आणि तीन खालच्या अंगाला. वरच्या अंगाची विहीर नसेल तर आलेले दूषण कारखान्याचे की शेजारचे, हा वाद कधी मिटत नाही. पाण्याचे नमुने पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा घ्यावे लागतात.

चुका ठरलेल्या असतात. सर्वात नेहमीची म्हणजे आधी मुरूम पसरून जागा ‘साफ’ करायची आणि मग नमुना घ्यायचा. प्रयोगशाळा अहवाल मुरमाचा देते. दुसरी चूक बोअरवेलची: दूषित थरातून बोअर खाली नेले आणि बाहेरून सिमेंटने सीलबंद केले नाही, तर वरचे दूषण खालच्या चांगल्या पाण्यात उतरायला आपणच वाट करून दिली. तिसरी, चांगली माती मिसळून आकडा खाली आणणे. विष तेवढेच राहते, फक्त ढीग मोठा होतो. चौथी सर्वात वाईट. खोदलेली माती ‘भराव’ म्हणून विकली जाते आणि कोणाच्या तरी घराच्या जोत्यात जाऊन बसते.

उकरून नेणे हा उपाय आकड्यांनीच अवघड ठरतो. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. एक मीटर खोल उकरले तर ४,०४७ घनमीटर, वजनाने अंदाजे साडेसहा हजार टन. सोळा टनांच्या ट्रकने चारशे खेपा. घातक कचरा घेणारी महाराष्ट्रातली केंद्रे तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत, खान्देशात एकही नाही. धुळ्याहून रांजणगाव अडीचशे किलोमीटरच्या पुढे. म्हणून बाहेर न्यायची ती फक्त सर्वात वाईट माती, बाकीचे जागेवरच करायचे.

तेलाने भिजलेली माती जागेवर सुधारता येते. खाली जाड प्लास्टिक, वर दीड मीटरचा ढीग, त्यात शेणखत, युरिया आणि स्फुरद. कर्ब, नत्र, स्फुरद यांचे प्रमाण साधारण १०० : १० : १ धरतात. ओल टिकवायची आणि ठरावीक दिवसांनी ढीग उलटायचा. आपल्याकडे अडचण उन्हाची आहे. मे महिन्यात ४४ अंशांत उघडा ढीग वाळतो, जिवाणू मरतात आणि महिनाभराचे काम वाया जाते. सावली आणि ठिबक लावावेच लागते, आणि ठिबकाचे ज्ञान खान्देशाला कोणी शिकवायची गरज नाही. क्रोमियमसाठी फेरस सल्फेट वापरतात, एका क्रोमियमला तीन लोह असा रासायनिक हिशोब आहे. प्रत्यक्षात मात्रा बरीच जास्त लागते, कारण माती स्वतःच लोह खाते. अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे पाणी मारून, न फोडता, अख्खे उतरवायचे आणि दुहेरी प्लास्टिकमध्ये बांधायचे. खोदाईचा हंगाम दिवाळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया). पावसात उघडा खड्डा भरला की ते पाणीही घातक कचऱ्यात जमा होते आणि खर्च दुप्पट होतो.

कायद्याची चौकट आता आली आहे. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागांचा सहामाही अहवाल द्यायचा, राज्य प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. जबाबदार कोण ते ९० दिवसांत शोधायचे आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा. तो सापडला नाही किंवा दिवाळखोर असेल तर केंद्र-राज्याने सोय करायची. हे चांगलेच आहे. पण दूषित ठरलेली जागा किती वर्षांत साफ झाली पाहिजे, याची मुदत त्यात नाही. मुदत नसलेल्या कामाचे काय होते, ते भोपाळने दाखवले आहे. १९८४ च्या दुर्घटनेनंतर कारखान्यात पडलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये हलला आणि जूनअखेर पिथमपूरला जाळून संपला. चुना मिसळावा लागल्याने राख मूळ कचऱ्याहून जास्त भरली. कारखान्याच्या आवारातली माती आणि भोवतालचे भूजल हा भाग अजून तसाच आहे.

नियम झाले, पैशाचे गणित राहिले. इथेच सवलतीचा प्रश्न येतो आणि इथेच सर्वात जास्त चुका होतात.

समजा एका जमिनीचा स्वच्छ असतानाचा भाव दहा कोटी आणि सफाईचा खर्च तीन कोटी. प्रामाणिक बाजारात ती सात कोटींना विकली जाईल. लिलावात मात्र ती माती न तपासता दहालाच जाते. नंतर शासनाने सफाईसाठी तीन कोटींची सवलत दिली तर ते तीन कोटी कोणाच्या खिशात गेले? कागदावर नव्या उद्योजकाच्या. खरे तर ते विकणाऱ्याला मिळाले, कारण त्याने दूषित माल स्वच्छ मालाच्या भावात खपवला. दूषण करणारा वसूल करून गेला आणि बिल करदात्याने भरले. म्हणून क्रम बदलला पाहिजे. लिलावाआधी तपासणी, राखीव किमतीतून सफाईचा अंदाज वजा, आणि ती रक्कम वेगळ्या एस्क्रो खात्यात, म्हणजे काम झाल्यावरच पैसे सुटणाऱ्या खात्यात. शासनाची सवलत त्यानंतर उरलेल्या तुटीलाच.

यावर गिरणी कामगारांच्या बाजूने एक रास्त भीती आहे. सफाईचा खर्च आधी कापला तर थकीत देणी आणखी मागे जातील. दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये कामगारांची २४ महिन्यांची देणी आणि तारणधारक बँका एकाच पायरीवर आहेत. तेव्हा कपात बँकेच्या हिश्श्यातून व्हावी, कामगारांच्या हिश्श्यातून नको, हे नियमात स्पष्ट लिहायला हवे. तारण घेताना जमिनीची चौकशी करण्याची ऐपत बँकेची होती. रंगखात्यात हात काळे करणाऱ्याची नव्हती.

बाहेरच्या देशांनी यात काय केले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत १९८० च्या सुपरफंड कायद्याने जबाबदारी इतकी कडक केली की जुन्या जमिनीला कोणी हात लावेना. मग २००२ च्या कायद्याने प्रामाणिक नव्या खरेदीदाराला संरक्षण दिले, पण एका अटीवर: खरेदीआधी पूर्ण चौकशी. ती चौकशी खरेदीच्या आधीच्या एका वर्षातली हवी आणि तिचे काही भाग १८० दिवसांच्या आत ताजे केलेले हवेत. ब्रिटनमध्ये २००१ पासून दूषित जमिनीच्या सफाईच्या खर्चावर कंपनी करात १५० टक्के वजावट मिळते, आणि ज्या कंपनीने दूषण केले तिला ती मिळत नाही. ही एक ओळ आपल्या प्रत्येक शासन निर्णयात यावी.

आपल्याकडे उलटा धडा मुंबईत मिळाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ ने गिरण्यांच्या जमिनीची मोकळी जागा, म्हाडा आणि मालक अशी वाटणी ठरवली होती. २००१ च्या दुरुस्तीने ती फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, आणि शेड उभ्या असलेली मोठी जमीन वाटणीतून निसटली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती कायम ठेवली. त्या सगळ्या वादात चौरस फुटांची चर्चा भरपूर झाली, मातीची जवळपास नाही. जास्तीच्या चटईक्षेत्राची सवलत अशीच असते. ती मजले मोजते, जमिनीखाली बघत नाही. शिवाय खान्देशात ती निम्म्या ठिकाणी निरुपयोगी आहे. जळगाव-धुळे शहरात जादा चटईक्षेत्राला भाव येईल. भाडण्याला किंवा कासोद्याला ते फुकट दिले तरी कोण घेणार? तिथे रोख अनुदानच लागेल, किंवा जमिनीचा वेगळा उपयोग.

असा एक उपयोग समोर आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडे मिळते. कारखान्याच्या जागेजवळ विजेची लाइन आणि उपकेंद्र बहुधा असतेच. सोळा हेक्टरांना वर्षाला वीस लाख. घरांसाठी जितकी माती शुद्ध लागते तितकी सौर पॅनेलसाठी लागत नाही. दूषित भागावर मातीचा थर दाबून, पाण्याला उतार देऊन झाकले की पुरते. पण खांब ठोकून तो थर फोडायचा नाही, काँक्रीटच्या वजनावर पॅनेल उभे करायचे, आणि भाड्यातला काही भाग विहिरींच्या तपासणीसाठी राखायचा. दूषण तिथेच आहे, हे विसरायचे नाही.

अनुदानाचे हप्ते कामाशी बांधावेत. आराखडा मंजूर झाल्यावर थोडे, सफाईनंतर त्रयस्थ प्रयोगशाळेच्या नमुन्यावर मोठा भाग, आणि निदान तीस टक्के रक्कम दोन पावसाळे उलटून निरीक्षण विहिरी स्वच्छ आढळल्यावर. पावसाळा गेल्याशिवाय भूजल खरे बोलत नाही. राज्याची सामूहिक प्रोत्साहन योजना नव्या स्थिर भांडवली गुंतवणुकीवर चालते. तिच्यात सफाईच्या खर्चाला वेगळे, वाढीव वजन मिळाले तर पडीक जागा नव्या शेतजमिनीच्या बरोबरीने स्पर्धेत येईल. बंद उद्योगाची जमीन निवासी करताना कामगार आयुक्तांचा ना हरकत दाखला मागतात. मातीच्या दाखल्यासाठीही तेवढाच आग्रह हवा. आणि निष्कर्ष सातबाऱ्याच्या इतर हक्कात, शहरात मिळकत पत्रिकेवर चढावा. अहवाल कपाटात राहतो, सातबारा पुढच्या प्रत्येक खरेदीदाराच्या हातात जातो. सफाई झाली की नोंद कमी करता येते, बोजा कमी करतात तशीच.

जिल्हाधिकारी कार्यालयांनी पहिला सहामाही अहवाल भरताना एक काम आवर्जून करावे. बंद गिरण्यांच्या ब्लीचिंग, रंगखाते आणि बॉयलर हाऊसमधले जुने कामगार आता सत्तरी-ऐंशीत आहेत. खराब पाणी कोणत्या खड्ड्यात सोडत, जुनी टाकी कुठे पुरली, हे कुठल्याच नकाशात नसते. ते यांच्या डोक्यात असते. प्रत्येक जागेसाठी एक सकाळ, बसायला खुर्च्या, हातात जुना नकाशा. त्यांनी बोट दाखवायचे, तलाठ्याने तिथे चुन्याची फक्की मारायची, आणि पहिला नमुना त्या फक्कीच्या आतून घ्यायचा. हे या दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांत व्हायला हवे.